‘डॉक्टरांनी लिहून दिलं, मी काढला’ एवढ्यावर भागत नाही: एक्सरे, सीटी, एमआरआय आणि सोनोग्राफीच्या खोलीतली नीती आणि कायदा

इमेजिंग विभागात काही बिनसलं की चौकशीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, मी काढला.’ बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण बटण ज्याच्या हाताखाली होतं त्याची जबाबदारी त्या वाक्याने संपत नाही. चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर, तपासणी करणारा टेक्निशियन, रिपोर्टवर सही करणारा रेडिओलॉजिस्ट आणि सेंटरचा मालक या चौघांची जबाबदारी वेगवेगळी आहे आणि एकाची दुसऱ्यावर ढकलता येत नाही. दुसरी गोष्ट अशी, की तुम्ही योग्य वागलात हे नंतर सिद्ध होतं ते त्याच वेळी केलेल्या नोंदीवरून. आठवणीवर कुणी विसंबत नाही, ना ग्राहक आयोग, ना पोलीस.

हा लेख टेक्निशियन, रेडिओलॉजी शिकणारे डॉक्टर आणि तालुक्याच्या गावी सेंटर चालवणारे यांच्यासाठी आहे. पेशंट दारातून आत येतो तिथपासून रिपोर्ट त्याच्या हातात पडेपर्यंतच्या क्रमाने जाऊ. कायदे भारतातले, उदाहरणं बहुतांशी महाराष्ट्रातली.

सिद्धांत कशाला हवेत?

नीतिशास्त्राचा तास म्हटलं की विद्यार्थी मागच्या बाकावर जाऊन बसतात. पण ज्यांना आपण ‘अनुभवी माणसाची समज’ म्हणतो ते निर्णय बहुधा तीन विचारांपैकी एकावर उभे असतात. पहिला परिणाम पाहतो: या तपासणीतून भलं जास्त होणार की बुरं? बेंथम आणि मिल यांची ही परंपरा. दुसरा कर्तव्य पाहतो: परिणाम काहीही असो, माणसाला केवळ साधन म्हणून वापरायचं नाही, फसवायचं नाही. हा कांटचा आग्रह. तिसरा करणाऱ्याच्या स्वभावाकडे पाहतो: सचोटीचा, काळजी घेणारा माणूस इथे कसा वागला असता? वैद्यकीय शिक्षणात यांतूनच चार तत्त्वं शिकवली जातात: पेशंटचा स्वतःविषयीचा निर्णयाधिकार, हित करणं, अपाय न करणं आणि न्याय.

आपल्या क्षेत्राची गंमत म्हणजे हे सगळं किरणोत्सर्ग सुरक्षेच्या नियमांत आधीच मुरलेलं आहे. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाची तीन सूत्रं आपण परीक्षेत पाठ लिहितो. तपासणीचं समर्थन हवं, म्हणजे फायदा तोट्यापेक्षा जास्त हवा. हा सरळ परिणामवाद. डोस कामापुरता, शक्य तितका कमी ठेवायचा. हा सावधपणा. आणि डोसची मर्यादा, हे मात्र कर्तव्य: दवाखान्याला कितीही गरज असली तरी एका कर्मचाऱ्यावर ठरावीक रेषेपलीकडे भार टाकायचा नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाची ही रेषा सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणांचं एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी आहे. सामान्य जनतेसाठी ती वर्षाला १ मिलिसिव्हर्ट. पेशंटला मात्र अशी मर्यादा लागू नाही, त्याच्यासाठी समर्थनाची कसोटी आहे. ‘या पेशंटचा यंदाचा कोटा संपला’ असं म्हणणारे मी ऐकले आहेत. असा कोटा नसतो. गरज असेल तर पाचवा सीटीही करायचा असतो, गरज नसेल तर पहिलाही नाही.

तत्त्वं एकमेकांना आडवी आली की क्रम असा ठेवा. आधी पाहा, कायद्याने ही गोष्ट साफ बंद आहे का? असेल तर पुढचा विचारच नको. नसेल तर पेशंटला काय होणार आहे ते कळलंय का आणि ते त्याला मंजूर आहे का? मग फायदा-तोटा. मग या निर्णयाचा भार तिसऱ्या कुणावर पडतोय का? शेवटी निर्णय आणि त्याचं कारण दोन ओळींत लिहायचं.

एक उदाहरण घेऊ. दहा आठवड्यांची गरोदर बाई मोटारसायकलवरून पडली आहे, उलट्या होताहेत, शुद्ध कमी-जास्त होते आहे. सर्जननी डोक्याचा सीटी लिहिला आहे. टेक्निशियन घाबरून म्हणतो, ‘गरोदर आहे, मी करणार नाही.’ कायद्याने बंदी? नाही. फायदा? मेंदूतला रक्तस्राव वेळेत सापडला तर जीव वाचेल. तोटा? डोक्याच्या सीटीत गर्भापर्यंत पोचणारा डोस मिलिग्रेच्या (शोषलेल्या किरणांचं एकक) शंभराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. आंतरराष्ट्रीय आयोगाच्या मते गर्भाला १०० मिलिग्रेपेक्षा कमी डोस मिळाला असेल तर केवळ त्या कारणावरून गर्भपाताचा विचार करू नये. इथे नकार देणं म्हणजे स्वतःला वाचवण्याच्या नादात पेशंटला अपाय करणं. बाईशी किंवा शुद्ध नसेल तर नातेवाइकांशी बोला, ‘गरोदरपणाची माहिती असून, तातडीची गरज म्हणून, अमुक सर्जनच्या सल्ल्याने’ असं वेळेसह लिहा आणि सीटी करा.

पेशंट येण्याआधी: खोलीची कागदपत्रं

हा भाग रुक्ष आहे, लवकर उरकतो. एक्सरे, सीटी, कॅथलॅब, मॅमोग्राफी, जिथे क्ष-किरण निघतात त्या प्रत्येक यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाची मंजुरी हवी. ती ‘ई-लोरा’ या ऑनलाइन यंत्रणेतून मिळते. यामागे १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २००४ चे किरणोत्सर्ग संरक्षण नियम आहेत. किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याची नेमणूक कागदावर आणि प्रत्यक्षातही हवी. यंत्राची गुणवत्ता चाचणी वेळच्या वेळी करून तिचा अहवाल जपून ठेवा. टीएलडी बॅज (अंगावर पडलेले किरण मोजणारा बिल्ला) छातीवर, लेड अ‍ॅप्रनच्या आत लावा. खुंटीला टांगलेल्या अ‍ॅप्रनवर बॅज लटकत असेल आणि तो अ‍ॅप्रन एक्सरेच्याच खोलीत असेल, तर तुमच्या नावावर भलताच आकडा येतो आणि त्याचं स्पष्टीकरण देताना तोंडाला फेस येतो. कर्मचारी स्त्रीने गरोदर असल्याचं कळवल्यावर उरलेल्या काळात गर्भासाठी १ मिलिसिव्हर्टची मर्यादा लागू होते. तिला कामावरून कमी करणं हा त्यावरचा उपाय नाही, कामाची जागा बदलणं हा आहे.

स्वतःच्या पात्रतेचे कागदही तपासा. २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याने संलग्न आरोग्य व्यावसायिकांमध्ये इमेजिंग टेक्नॉलॉजी धरली आहे. ‘हाताखाली शिकलेला मुलगा’ एक्सरे काढत असेल आणि त्याच्याकडून काही चुकलं, तर मालकाची बाजू पहिल्याच प्रश्नाला लंगडी पडते.

चिठ्ठी वाचणं हे पहिलं काम

चिठ्ठीवर नुसतं ‘सीटी अ‍ॅब्डोमेन’ लिहिलं असेल तर ती चिठ्ठी अपुरी आहे. काय शोधायचंय, आधी काय तपासण्या झाल्यात, हे कळल्याशिवाय समर्थन ठरवता येत नाही. छातीच्या एका एक्सरेचा डोस मिलिसिव्हर्टच्या काही शतांश भागांत असतो, पोटाच्या सीटीचा साधारण ८ ते १०. म्हणजे काहीशे पट फरक. दोन आठवड्यांपूर्वीचा तसाच सीटी पेशंटच्या पिशवीत सापडतो, हे तर आपण सगळ्यांनीच पाहिलंय.

मग करायचं काय? टेक्निशियनने तपासणी परस्पर रद्द करायची नाही आणि डोळे मिटून करायचीही नाही. रेडिओलॉजिस्टला दाखवा, त्यांनी लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन करावा, आणि काय ठरलं ते चिठ्ठीवर वेळ घालून टिपावं. फोन करायला लाज वाटते, समोरचे मोठे सर्जन असतात, हे मान्य. ‘सर, कॉन्ट्रास्टने करू की साधा, प्रश्न नक्की कोणता आहे?’ असं विचारलं तर कुणाचा अपमान होत नाही. (कॉन्ट्रास्ट म्हणजे प्रतिमा स्पष्ट यावी म्हणून द्यायचं औषध.)

इथेच कटचा विषय येतो. पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन देणं-घेणं भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत निषिद्ध आहे. राज्याने २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदाही केला होता. ‘सगळेच देतात’ हा युक्तिवाद परिणामवादाच्या कसोटीवरही टिकत नाही, कारण ते पैसे शेवटी पेशंटच्या बिलातून जातात आणि गरज नसलेल्या तपासण्या वाढतात. पाकिटासाठी लिहिलेल्या तपासणीचं समर्थन मुळातच खोटं असतं. मग पुढचा सगळा कागद कितीही नीटनेटका असो.

तोच पेशंट, तीच बाजू, आणि पाळीचा प्रश्न

‘तुम्ही सुनंदा पाटील ना?’ असं विचारू नका. ऐकायला कमी येणारी आजीही ‘हो’ म्हणते. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा, वय सांगा, कुठे दुखतंय ते हाताने दाखवा,’ असं विचारा. उजवा-डावा मार्कर एक्सपोजरच्या वेळीच फिल्मवर यायला हवा, नंतर संगणकावर चिकटवलेला नको.

पाळी येण्याच्या वयातल्या प्रत्येक स्त्रीला पोट, कंबर, ओटीपोट यांच्या तपासणीआधी ‘शेवटची पाळी कधी आली?’ हे विचारलंच पाहिजे. विचारायची पद्धत महत्त्वाची. सोबत सासू, आई किंवा नवरा असताना खरं उत्तर मिळेल याची खात्री नसते. अविवाहित मुलीला आईसमोर हा प्रश्न विचारणं म्हणजे खोटं उत्तर मागून घेणं. ‘कपडे बदलायला आत चला’ म्हणून तिला एकटीला घ्या, शक्यतो बाईनेच विचारावं, आणि ‘हे सगळ्यांनाच विचारतो, किरणांमुळे’ एवढं सांगावं. तारीख लिहा, तिची सही घ्या. शंका असेल तर लघवीची तपासणी, किंवा तातडी नसेल तर पुढच्या पाळीपर्यंत थांबणं.

अठरा वर्षांखालची मुलगी गरोदर आढळली तर विषय एकदम गंभीर होतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. ‘आमचं काम फक्त सोनोग्राफी’ इथे चालत नाही. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीबाबत तिने किंवा पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. गोपनीयता आणि कळवण्याचं कर्तव्य यांची इतकी नेमकी सांगड क्वचितच पाहायला मिळते.

संमती: सही घेणं आणि विचारणं यांत फरक आहे

साध्या एक्सरेला पेशंट येऊन उभा राहिला, श्वास रोखला, ही संमती पुरते. कॉन्ट्रास्ट, बायोप्सी, नळी टाकणं, अंतर्गत सोनोग्राफी यांना स्वतंत्र लेखी संमती हवी. कशाला संमती म्हणायचं याबाबत आपल्याकडचा पायाभूत निकाल म्हणजे समीरा कोहली खटला, जानेवारी २००८. एका स्त्रीने निदानासाठीच्या लॅप्रोस्कोपीला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की निदानाला दिलेली संमती उपचाराला लागू होत नाही, आणि सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या स्त्रीच्या ऐवजी आईने दिलेली संमती चालत नाही. अपवाद फक्त जीव धोक्यात असण्याचा.

इमेजिंगसाठी याचा अर्थ सरळ आहे. सोनोग्राफी करता करता गाठ दिसली म्हणून ‘आलाच आहात तर सुई घालून पाणी काढतो’ असं करायचं नाही. उठवा, कपडे नीट करू द्या, सांगा, विचारा, पुन्हा सही घ्या.

त्या निकालानुसार पेशंटला पाच-सहा गोष्टी कळायला हव्यात: काय करणार, कशासाठी, फायदा काय, दुसरा पर्याय आहे का, महत्त्वाचे धोके कोणते आणि नाही केलं तर काय होईल. लाखात एखादा दुर्मीळ धोका सांगायलाच हवा असं नाही. कॉन्ट्रास्टच्या वेळी मी शिकवतो ती भाषा अशी: ‘काका, हातातल्या शिरेतून औषध देणार. अंगभर गरम वाटेल, लघवी झाल्यासारखं वाटेल, ते नॉर्मल आहे. काही जणांना अंगावर पित्त उठतं, अगदी क्वचित श्वास कोंडतो, बीपी उतरतं. त्यासाठी औषधं इथेच ठेवलीत. आधी कधी असं इंजेक्शन घेतलं होतं का? दमा आहे का? किडनीचा त्रास, मधुमेह?’ एवढं बोलायला दीड मिनिट लागतं. फॉर्म इंग्रजीत छापलेला असेल आणि पेशंट शाहूवाडीचा शेतकरी असेल, तर ती सही कागदावर शाईचा डाग आहे. मराठी फॉर्म ठेवा, हिंदी ठेवा, आणि कोणत्या भाषेत समजावलं ते लिहा. अंगठा असेल तर साक्षीदाराचं नाव आणि सही.

अ‍ॅड्रिनॅलिनची अ‍ॅम्प्यूल (कॉन्ट्रास्टने श्वास कोंडला, बीपी उतरलं तर द्यायचं औषध) कुठे आहे हे रात्रपाळीच्या माणसाला अंधारात सांगता आलं पाहिजे. इंजेक्शननंतर अर्धा तास पेशंटला बाहेर बसवून ठेवा.

घरचे म्हणतात, ‘आजोबांना काही सांगू नका.’ आपल्या घरांमधला हा रोजचा पेच. आजोबा सज्ञान आहेत, शुद्धीत आहेत, रिपोर्ट त्यांचा आहे. पण सगळं ऐकायचं की नाही, हेही ठरवण्याचा अधिकार त्यांचाच. म्हणून त्यांनाच विचारा: ‘रिपोर्टविषयी तुमच्याशी बोलू, की मुलाशी?’ त्यांनी ‘पोराला सांगा’ म्हटलं तर तसं लिहून ठेवा. मुलगाच परस्पर ठरवत असेल तर निदानाची चर्चा उपचार करणाऱ्या डॉक्टरांवर सोपवा, पण खोटा रिपोर्ट किंवा ‘दुसरा साधा रिपोर्ट’ कधीही काढू नका. असं मागणारे येतात.

एक्सपोजर आणि एमआरआयचं दार

कॉलिमेशन (किरणांचा झोत हव्या तेवढ्याच भागापुरता ठेवणं), लहान मुलांसाठी यंत्राची वेगळी सेटिंग्ज, रिपीट फिल्मची नोंद, हे सगळ्यांना माहीत असतं आणि घाईत सगळ्यांकडून सुटतं. रिपीटचं कारण लिहायची सवय लावली की रिपीट आपोआप कमी होतात. जननेंद्रियांवर शिसाचा तुकडा ठेवण्याची जुनी प्रथा मात्र आता आंधळेपणाने चालवू नका. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये ती नेहमीसाठी बंद करण्याची शिफारस केली. फायदा नगण्य असतो, आणि तुकडा सरकला तर फिल्म पुन्हा काढावी लागते.

एमआरआयला किरण नाहीत म्हणून लोक निर्धास्त असतात. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या महापालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात ३२ वर्षांचा तरुण नातेवाइकासाठी ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. सिलिंडरसह तो यंत्राकडे ओढला गेला आणि मरण पावला. निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा नोंदला गेला, डॉक्टरसह वॉर्डबॉय आणि आया यांना अटक झाली. चुंबक दिवसरात्र चालू असतं हे बाहेरच्या माणसाला माहीत असण्याचं कारण नाही. म्हणून दारावर थांबवणारा माणूस नेमलेला हवा, नातेवाइकांचीही लेखी तपासणी यादी हवी, आणि लोखंडी सिलिंडर त्या दारापर्यंत पोचताच कामा नये.

टेक्निशियनांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूला ५ वर्षांपर्यंत शिक्षा सांगतं. वैद्यकीय प्रक्रिया करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरला ती २ वर्षांपर्यंत आहे. पण नोंदणीकृत डॉक्टर म्हणजे वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेला. टेक्निशियन, परिचारिका, वॉर्डबॉय त्या व्याख्येत बसत नाहीत. त्याच टेबलाजवळ उभ्या असलेल्या दोघांना वेगवेगळी शिक्षा, आणि जास्त शिक्षा कमी पगाराच्या माणसाला. मला हे न्याय्य वाटत नाही, पण आज कायदा असा वाचला जातो.

सोनोग्राफी आणि एफ फॉर्म

महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, लागू झाला १ जानेवारी १९९६ ला, आणि २००३ मध्ये गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. तरीही २००१ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ वर आल्या. २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला १९ भ्रूण सापडले. सोनोग्राफीच्या कागदांबाबत सरकार इतकं कडक का, हे या आकड्यांत आहे.

कायद्याची भाषा मुद्दाम रुंद ठेवलेली आहे: शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही रीतीने लिंग कळवायचं नाही. ‘पेढा की बर्फी’ हेही त्यात आलं, ‘देवी पावली’ हेही. पहिल्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड, डॉक्टरचं नाव पाच वर्षांसाठी वैद्यकीय नोंदवहीतून बाद. पुन्हा केलं तर ५ वर्षांपर्यंत कैद, ५०,००० पर्यंत दंड आणि नाव कायमचं बाद. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, आपसांत न मिटणारा.

आता कुणी म्हणेल, बाई स्वतः मागते आहे, तिच्या निर्णयाधिकाराचं काय? हा प्रश्न मी वर्गात आवर्जून विचारतो. कायद्याने त्याचं उत्तर दिलंय: विरुद्ध सिद्ध होईपर्यंत असं गृहीत धरायचं की नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी तिला भाग पाडलं. ज्या घरात तिसऱ्या मुलीनंतर बाईला टाकून देण्याची भाषा होते, तिथली ‘मागणी’ तिची स्वतःची मानायची कशी? शिवाय या निर्णयाचा भार जी जन्मालाच येणार नाही तिच्यावर आणि पुढच्या पिढीवर पडतो. वर सांगितलेल्या क्रमात म्हणूनच पहिला प्रश्न ‘साफ बंद आहे का’ हा आहे.

प्रत्यक्ष अडचण प्रामाणिक डॉक्टरांची होते, आणि ती कागदामुळे. कलम ४(३) च्या परंतुकानुसार नोंदीतली त्रुटी किंवा चूक म्हणजे कायद्याचा भंगच धरला जातो, तसं नाही हे सोनोग्राफी करणाऱ्याने सिद्ध करायचं. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने याला आव्हान दिलं होतं: कारकुनी चुकीला तुरुंग का? ३ मे २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने तरतूद कायम ठेवली. तर्क असा, की लिंग सांगण्याचा पुरावा बंद खोलीत उरत नाही, नोंद हाच एक धागा असतो. डॉक्टरांचा संताप मला समजतो. तरी न्यायालयाचा तर्क मला पटतो.

मग एफ फॉर्म, म्हणजे गरोदर बाईच्या सोनोग्राफीची या कायद्याने ठरवून दिलेली नोंद, असा भरा. बाई टेबलावर जाण्याआधी तिची माहिती पूर्ण: नाव, वय, हयात मुलं किती, त्यांचं लिंग आणि वय, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव. पत्ता असा की माणूस शोधत गेला तर घर सापडेल. ‘मु. पो. कागल’ हा पत्ता नाही. फोन नंबर तिच्यासमोर लावून पाहिलात तर उत्तम. पाठवणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी फॉर्मला जोडा. शेवटच्या पाळीची तारीख किंवा आठवडे लिहा. मग कारण: फॉर्ममध्ये २३ कारणांची यादी दिली आहे, त्यातल्या लागू कारणावर खूण करा. ही जागा मोकळी सोडणं आणि सगळ्यांना एकाच कारणाचा शिक्का मारणं, दोन्ही तपासणीत लगेच डोळ्यांत भरतात. बाईचं ‘मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही’ हे निवेदन तपासणीआधी सही करून घ्या. अंगठा असेल तर ओळख पटवणाऱ्याचं नाव, नातं, पत्ता, सही. डॉक्टरचं निवेदन आणि सही तपासणीनंतर लगेच, त्याच दिवशी. आठवड्याचे फॉर्म शनिवारी एकगठ्ठा सही करणाऱ्यांना कायदा ‘आळशी’ म्हणून सोडत नाही. खाडाखोड झालीच तर एक रेघ मारा, शेजारी बरोबर लिहा, तारखेसह सही करा. व्हाइटनर सेंटरमध्ये ठेवूच नका.

महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत समुचित प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्ह्यात सिव्हिल सर्जन आणि महापालिका क्षेत्रात तिथले नेमलेले वैद्यकीय अधिकारी यांच्याकडे. नोंदी किमान २ वर्षं जपायच्या, खटला चालू असेल तर तो निकाली निघेपर्यंत. सेंटरची नोंदणी ५ वर्षांची, नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या ३० दिवस आधी. यंत्र, जागा किंवा डॉक्टर बदलायचा असेल तर आधी कळवायचं. एका डॉक्टरला एका जिल्ह्यात दोनपेक्षा जास्त सेंटरवर काम करता येत नाही. लिंग सांगणं गुन्हा असल्याची पाटी मराठीत आणि इंग्रजीत, दिसेल अशी, आणि कायद्याची प्रत टेबलावर.

कोल्हापूरला २००१ मध्ये सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली ८३९ होत्या. तिथे सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचं, प्रत्येक तपासणीचं रेकॉर्डिंग ठेवणारं उपकरण जोडण्याचा प्रयोग झाला. रेडिओलॉजिस्टांची संघटना पेशंटच्या गोपनीयतेचा मुद्दा घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेली, आणि २०११ मध्ये न्यायालयाने जिल्हा प्रशासनाच्या बाजूने कौल दिला. व्यक्तीची खासगी बाब आणि समाजाचं हित यांचा तोल कुठे जातो, हे शिकवायला यापेक्षा जवळचं उदाहरण मला माहीत नाही.

रिपोर्ट

पेशंट टेबलावरून उतरता उतरता विचारतो, ‘काय आलंय हो?’ टेक्निशियनने निदान सांगायचं नाही. पण ‘मला सांगता येत नाही’ एवढंच म्हटलं की तो घाबरतो. ‘फोटो चांगले आलेत, मोठे डॉक्टर नीट बघून लिहितील, पाचला रिपोर्ट घ्यायला या,’ असं सांगा. फिल्मवर धोक्याचं काही दिसलं तर पेशंटला थांबवून ठेवा आणि रेडिओलॉजिस्टला लगेच उठवा.

रेडिओलॉजिस्टने फुफ्फुसाबाहेर साठलेली हवा, मेंदूतला रक्तस्राव, फुटलेली नळीतली गर्भधारणा अशा गोष्टी फोनवरच कळवायच्या, आणि रिपोर्टातच लिहायचं: कुणाला, किती वाजता. निदान चुकणं म्हणजे आपोआप निष्काळजीपणा नव्हे. १९६८ च्या जोशी विरुद्ध गोडबोले खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरची कर्तव्यं मांडली. ती केस आपल्याच मुलखातली, रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर मांडीचं हाड मोडलेल्या आणि पुण्यात उपचारांसाठी आणलेल्या तरुणाची. पेशंट घ्यायचा की नाही, उपचार कोणते, आणि ते कसे द्यायचे, या तिन्ही ठिकाणी वाजवी कौशल्य आणि काळजी हवी, अत्युच्च कौशल्याची अपेक्षा नाही. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ, गंभीर स्वरूपाचा हवा असं ठरवलं. भरपाईची वाट वेगळी: १९९५ च्या शांता निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, आणि तक्रारीला साधारण २ वर्षांची मुदत असते.

रिपोर्टात चूक सापडली तर जुना रिपोर्ट पुसून नवा छापू नका. तारीख-वेळ घालून पुरवणी रिपोर्ट द्या आणि पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. संगणकातल्या बदलाचा माग राहतोच.

फोटो, फोन आणि पोलीस केस

गमतीदार फॉरिन बॉडीचा (शरीरात अडकलेल्या वस्तूचा) एक्सरे ग्रुपवर टाकताना कोपऱ्यातलं नाव तसंच राहतं. गावात तो पेशंट कोण हे कळायला तेवढंही लागत नाही. सल्ल्यासाठी पाठवायचाच असेल तर नाव झाकून, फक्त त्या डॉक्टरांना. पेशंटची माहिती हा आता २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याचाही विषय आहे, आणि माहिती सुरक्षित न ठेवल्याचा कमाल दंड २५० कोटी रुपये इतका आहे. पेशंटने स्वतःचे रेकॉर्ड मागितले तर २००२ च्या आचारसंहितेनुसार ७२ तासांत द्यावे लागतात. बिल थकलंय म्हणून फिल्म अडवून ठेवणं शहाणपणाचं नाही.

पोलीस केसमध्ये पोलिसांचं पत्र, बक्कल नंबर, पेशंटच्या शरीरावरच्या दोन ओळखखुणा, अंगठा, आणि फिल्मवर केस नंबर. फिल्म फक्त सही घेऊनच द्यायची. हाडांवरून वय सांगताना कधीही एकच आकडा देऊ नका, पल्ला द्या. त्या पल्ल्यावर कुणाचं अल्पवयीन असणं-नसणं ठरणार असतं.

काही घडलंच तर

आधी पेशंट. मग घटनेची वेळ, कोण हजर होतं, काय दिलं, हे त्याच तासाभरात लिहा. ‘नंतर सविस्तर लिहू’ म्हणून सोडलेली नोंद वकिलाच्या सल्ल्यानंतर लिहिल्यासारखी दिसते. यंत्राची सेटिंग्ज, प्रतिमा, औषधाचा बॅच नंबर जपा. नातेवाइकांशी एकाच ज्येष्ठ माणसाने बोलावं, काय घडलं ते साध्या भाषेत सांगावं, दुःख व्यक्त करावं. कारण अजून कळलेलं नसेल तर दोष कुणाचा याचे अंदाज बोलून दाखवू नयेत. मारहाणीची चिन्हं दिसली तर पोलिसांना आधीच बोलवा.

सोनोग्राफीची तपासणी करायला पथक आलं तर त्यांची ओळखपत्रं पाहा, कागद द्या, अडवू नका. त्यांना झडती आणि जप्तीचा अधिकार आहे. पंचनामा पूर्ण वाचून मगच सही करा, न पटलेला मुद्दा सहीच्या वर लिहा, आणि जप्त केलेल्या प्रत्येक वस्तूची यादी मागून घ्या. नोटीस आली तर मुदतीत उत्तर द्या, विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. मूळ रजिस्टर वकिलाकडे नेऊन ठेवू नका. छायाप्रत द्या, मूळ रजिस्टर सेंटरमध्येच कुलपात ठेवा.